बसवणारा गेल्यावर

संगणकावर लिनक्स बसवण्याचा विचार ज्याच्या मनात येतो त्याला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो त्याच्या अनुभवाचा. नवशिके असाल तर मिंट किंवा उबुंटू घ्या, थोडे सरावलात की फेडोरा वा डेबियनकडे वळा, आणि हात पुरता बसला की आर्च किंवा जेंटूच्या वाटेला जा, अशी एक श्रेणी आता रूढ झाली असून, शाळेतील इयत्तांप्रमाणे प्रत्येकाने आपली पायरी ओळखून तेथे बसावे व यथाकाल वरच्या पायरीवर चढावे, असे तीत गृहीत धरलेले असते. ही श्रेणी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ती रचली गेली तो माणूस एकटा असतो, संगणक त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो, वीज आणि इंटरनेट त्याला हवे तेव्हा मिळते, आणि काही बिघडलेच तर त्या बिघाडाची झळ त्याच्यापुरतीच राहते. सातपुड्यातील मोलगीसारख्या गावी यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरून चालत नाही. तेथे संगणक शाळेचा, वसतिगृहाचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो, त्यावर अनेकांचे हात फिरतात, आणि ज्या एका जाणत्या माणसाने त्यावर प्रणाली बसवली तो आज ना उद्या बदलीमुळे किंवा शिक्षणासाठी घाट उतरून निघून जातो. म्हणून अशा ठिकाणी लिनक्सची निवड करताना बसवणाऱ्याचा अनुभव किती, हा प्रश्न गौण असून, तो गेल्यावर मागे कोण उरणार आणि जे उरतील त्यांना काय झेपणार, हाच प्रश्न मुख्य आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाचा पाया नीट ध्यानात यावा यासाठी निरनिराळ्या लिनक्स वितरणांत, ज्यांना सर्वत्र डिस्ट्रो म्हणतात त्यांत, मुळात भेद कशाचा असतो हे पाहिले पाहिजे. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने जे प्रसिद्ध केले तो केवळ प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली, आणि हा सगळा सुटा माल एकत्र बांधून, तपासून, लोकांच्या हाती बसवण्याजोगा करून देण्याचे काम निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या पद्धतीने अंगावर घेतले. इयन मर्डॉक याने १९९३ साली डेबियनचा आरंभ केला. डेबियनच्या पायावर २००४ साली उबुंटू उभे राहिले, आणि उबुंटूच्या पायावर २००६ साली मिंट. तेव्हा नवशिक्याचे म्हणून जे मिंट सांगितले जाते आणि सरावलेल्याचे म्हणून जे डेबियन सांगितले जाते, त्यांतील बराचसा माल एकाच कोठारातला असतो. फरक असतो तो कारभाराचा: नव्या आवृत्त्या किती वेळा काढायच्या, जुनीला किती वर्षे सांभाळायचे, आरंभी काय बसवून द्यायचे, आणि अडलेल्याच्या शंकेला उत्तर कोणी द्यायचे. अनुभवाच्या श्रेणीने या कारभाराच्या फरकाला विद्वत्तेच्या फरकाचे रूप दिले, आणि त्यामुळे कित्येक हुशार मुलांना डेबियन वापरणे म्हणजे मागे राहणे व आर्च वापरणे म्हणजे पुढे जाणे असे वाटू लागले, ही मला या श्रेणीची सर्वांत मोठी हानी वाटते.

आता मोलगी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या काढलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून गेल्यावर लागणारे हे गाव म्हणजे भोवतालच्या डोंगरपाड्यांची बाजारपेठ आहे. उन्हाळ्यात येथे आमचूर येतो, भगरीसाठीही हे गाव ओळखले जाते, आणि राजवाडी होळीमुळे सर्वत्र नाव झालेले काठी येथून जवळच आहे. पाड्यांवर बोलली जाते ती भिलीची निरनिराळी रूपे आणि पावरी. मराठी येते ती शाळेतून आणि कचेरीतून. संगणकाचे राज्य या डोंगराळ भागात उशिरा पोहोचले असे मात्र म्हणता येत नाही. याच जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले, आणि तेव्हापासून दाखला असो, शिष्यवृत्ती असो, वनहक्काचा दावा असो की सातबारा असो, सरकारदरबारचा प्रत्येक रस्ता कोठल्या ना कोठल्या पडद्यावरून जातो. पडदा आला, परंतु त्यामागचे यंत्र दुरुस्त करणारा माणूस त्याच्याबरोबर आला नाही. तो अद्याप बहुधा घाटाखालीच राहतो, आणि यंत्र बिघडले की ते एस.टी.त किंवा जीपमध्ये घालून त्याच्याकडे न्यावे लागते.

या परिस्थितीत लिनक्सचा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आवश्यक ठरवला. देणगीत किंवा एखाद्या जुन्या योजनेत मिळालेले जे संगणक ग्रामीण शाळांच्या खोल्यांत उभे आहेत त्यांपैकी पुष्कळसे या अटीत बसणारे नाहीत. यंत्र चालते, पडदा उजळतो, टंकफलक शाबूत आहे, आणि तरीही ते निरुपयोगी ठरवावयाचे काय, या प्रश्नाला लिनक्स हे सरळ उत्तर आहे. म्हणूनच कोणते लिनक्स, हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे.

प्रथम अनुभव या शब्दाकडेच पाहू. मोलगीच्या नववीतील मुलगी संगणकाच्या दृष्टीने नवशिकी समजली जाईल. परंतु तिच्या घरी मोबाइल असेल तर त्यातील अँड्रॉइड लिनक्सच्याच गाभ्यावर चालते, आणि चिन्हावर बोट ठेवले की काय घडते, परवानगी कशी मागितली जाते, जागा भरली की काय पुसावे, हे ती कोणी न शिकवता शिकलेली असते. उलटपक्षी शहरात दहा वर्षे आर्च वापरलेला अभियंता मोलगीच्या शाळेतील एका जुन्या संगणकापुढे हतबल होऊ शकतो. एकच उदाहरण घेऊ. उन्हाळ्याच्या सुटीत संगणक बंद राहिला. मदरबोर्डवर जी नाण्याएवढी सेल असते ती वयोमानाने संपलेली होती. परिणामी जूनमध्ये यंत्र चालू केले तेव्हा त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे, यंत्राच्या जन्मकाळाच्या तारखेवर जाऊन बसले. आता ब्राउझर उघडला की प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध असल्याची तक्रार येते, कारण त्या यंत्राच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून दिलेच गेलेले नाही. आणि डेबियन किंवा उबुंटूची पॅकेज-यंत्रणा भांडाराची यादी स्वीकारण्यास नकार देते, कारण त्या यादीवरची तारीख तिला भविष्यातील दिसते. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणतो की लिनक्स बिघडले, आणि विंडोज पुन्हा टाकण्याची दरखास्त मांडतो. ज्याला ठाऊक आहे तो पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहतो, ती दुरुस्त करतो आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी काही रुपयांची सेल आणून बसवतो. या ज्ञानाचा डिस्ट्रोच्या श्रेणीशी काहीही संबंध नाही. ते त्या यंत्राच्या, त्या खोलीच्या आणि त्या सुटीच्या परिचयातून येते, आणि ते मोलगीत राहणाऱ्या माणसालाच येऊ शकते.

अनुभव ही अशी स्थानिक वस्तू आहे, हे मान्य केले की पुढचा मुद्दा आपोआप येतो, आणि माझ्या मते संपूर्ण विषयात हाच सर्वांत महत्त्वाचा आहे: अद्ययावतीकरणाचा, म्हणजे रोजच्या भाषेत अपडेटचा. आर्चसारख्या डिस्ट्रोमध्ये आवृत्ती नावाची गोष्टच नसते. नवे सॉफ्टवेअर तयार झाले की ते सतत वाहत येते, आणि वापरणाऱ्याने या प्रवाहाबरोबर चालत राहावे अशी अपेक्षा असते. थोडे अद्ययावत केले व थोडे ठेवले, हे तेथे चालत नाही. करायचे तर सगळेच करावे लागते. ज्याच्या घरी तारेने अखंड इंटरनेट आहे त्याला यात नित्य नावीन्याचा आनंद मिळतो, आणि तो आनंद खोटा नाही. परंतु मे महिन्यात बंद केलेला संगणक पावसाळा उलटून गेल्यावर उघडला, तर मधल्या काळातील सगळी बाकी एकदम वसूल होऊ लागते; मोबाइलच्या सिग्नलवर गिगाबाइटांचा डोंगर उतरवावा लागतो; आणि पुष्कळदा आरंभीच अडते, कारण पॅकेजवरच्या सह्या तपासण्याच्या ज्या किल्ल्या यंत्रात आहेत त्याच जुन्या झालेल्या असतात, व त्या आधी वेगळ्याने नव्या कराव्या लागतात. फेडोराची गोष्ट याहून सौम्य आहे, पण तिचीही मुदत आखूड: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि प्रत्येक आवृत्तीचा सांभाळ साधारण तेरा महिने होतो. याचा अर्थ असा की वर्षातून एकदा तरी संपूर्ण प्रणालीची उचलठेव करणे भाग आहे, आणि ज्या शिक्षकाने जूनमध्ये फेडोरा बसवले तो पुढच्या जूनमध्ये त्या शाळेत असेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

याउलट डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते, आणि दीर्घ देखभालीसह तिला साधारण पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची १३ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. उबुंटूच्या दीर्घमुदतीच्या आवृत्त्यांचाही सांभाळ पाच वर्षांचा असून, एप्रिल २०२४ च्या आवृत्तीवर उभे असलेले मिंट २२ हे २०२९ पर्यंत चालणार आहे. या काळात प्रणालीचे रूप बदलत नाही, चिन्हे आपली जागा सोडत नाहीत, आणि एका वर्षी लिहून ठेवलेली कृती तिसऱ्या वर्षीही जशीच्या तशी लागू पडते. शहरातील जाणकार यालाच शिळेपणा म्हणतात. ज्या खोलीत दरवर्षी नवी मुले व दर काही वर्षांनी नवे शिक्षक येतात तेथे मात्र न बदलणे हाच प्रणालीचा मोठा गुण ठरतो, आणि त्यापुढे छायाचित्र-संपादकाची नवीनतम आवृत्ती नसणे ही अगदी क्षुल्लक उणीव आहे.

विजेचा विचारही येथेच केला पाहिजे. पावसाळ्यात डोंगरात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि अपडेट चालू असताना ती गेली तर काय होते यावर डिस्ट्रोची खरी परीक्षा होते. डेबियन, उबुंटू व मिंट यांत पॅकेज बसवण्याचे काम अर्धवट तुटले तर पुन्हा ते सुरू करताना यंत्रणा स्वतःच सांगते की मागचे काम तुटले आहे व अमुक एक आज्ञा देऊन ते पूर्ण करा. ती आज्ञा एका ओळीची असून भिंतीवर लिहून ठेवता येते. फेडोराच्या सिल्व्हरब्लूसारख्या काही नव्या डिस्ट्रो संपूर्ण प्रणालीची नवी प्रत बाजूला तयार करून मगच तिच्याकडे वळतात, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते. तत्त्वतः ही व्यवस्था उत्तम आहे, आणि पुढेमागे हीच सर्वत्र रूढ होईल असे मला वाटते. तूर्त तिचा डाउनलोडचा भार मोलगीच्या सिग्नलला परवडणारा नाही. इंटरनेटच्या या दुर्भिक्षावर डेबियनच्या घराण्यात एक जुना, शांत उपाय आहे. खोलीतील एका संगणकावर एप्ट-कॅशर-एनजी नावाचे छोटे सॉफ्टवेअर बसवले, तर एकदा उतरवलेले पॅकेज तो संगणक जपून ठेवतो आणि उरलेल्या सगळ्यांना तारेवरून तेच देतो. दहा यंत्रांसाठी दहा वेळा डेटा जळत नाही. आणि जेथे सिग्नलच नाही तेथे एप्ट-ऑफलाइन या साधनाने आपल्या यंत्राला काय काय हवे याची यादी पेनड्राइव्हवर घ्यावी, अक्कलकुव्यात जेथे इंटरनेट आहे तेथे ती भरून आणावी, आणि परत येऊन यंत्रात उतरवावी. डोंगरातील गावासाठी डिस्ट्रो निवडताना मी पडद्याच्या सौंदर्यापेक्षा या दोन साधनांना कितीतरी अधिक महत्त्व देईन.

भाषेबाबत निर्णय थोडा वेगळ्या कारणांनी, पण त्याच दिशेने होतो. रेड हॅटने २००४ साली लोहित हे फाँट मुक्त परवान्याखाली दिले तेव्हापासून मराठी अक्षर लिनक्सवर नीट दिसण्याची सोय झाली, आणि आज इन्स्क्रिप्ट टंकफलकापासून ध्वन्यात्मक टंकनापर्यंत सर्व काही जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोमध्ये मिळते. डेबियन बसवतानाचे पहिले प्रश्नसुद्धा मराठीत वाचता येतात, आणि ज्या मुलांना इंग्रजीच्या धाकानेच संगणकापासून दूर ठेवले जाते त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. तपशील मात्र पारखून घ्यावेत. मराठीतील 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. म्हणून जुना फाँट किंवा टंकफलकाची जुनी मांडणी असली तर 'ॲप' हा शब्द काही यंत्रांवर तुटका दिसतो आणि काहींवर तो टंकताच येत नाही. शाळेचे यंत्र हाती घेणाऱ्याने प्रथम 'ॲप', 'सुऱ्या' आणि 'बाळ' हे तीन शब्द टंकून पाहावेत. ते नीट उमटले की बाकीचे मराठी बहुधा नीट उमटते.

याहून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. लिनक्सच्या तळाशी ग्लिब्सी नावाचे जे सॉफ्टवेअर असते त्यात जगातील भाषांसाठी वार, महिने, नाणे, आकड्यांची मांडणी ठरवणाऱ्या छोट्या फाईली असतात, आणि त्यांत भिलीचीही एक स्वतंत्र फाईल आहे. म्हणजे मराठी किंवा हिंदी यांच्या पोटात न घालता भिलीला तिच्या स्वतःच्या नावाने ओळखणारी जागा या प्रणालीत तयार आहे. पडद्यावरच्या सूचना भिलीत नाहीत. 'जतन करा' किंवा 'बंद करा' याला पाड्यावरच्या बोलीत काय म्हणावे हे अद्याप कोणीही तेथे भरलेले नाही. परंतु ज्या भाषेचे शब्द भरायचे आहेत ती भाषा बोलणारी मुले मोलगीच्या वर्गांत बसलेली आहेत, आणि ते भरण्यास कोणाची परवानगी, परवाना किंवा शुल्क लागत नाही. जिच्या आवृत्तीचे रूप पाच वर्षे बदलत नाही अशाच डिस्ट्रोवर असे काम सावकाश करता येते. दर महिन्याला बदलणाऱ्या पडद्याच्या मागे धावत ते होणार नाही.

एका ठिकाणी मात्र मी लिनक्सचा आग्रह धरणार नाही. सेवा केंद्राच्या ज्या संगणकाला बोटाचे ठसे घेणारे यंत्र जोडलेले असते, त्या यंत्रांचे चालक-सॉफ्टवेअर उत्पादक बहुधा विंडोज व अँड्रॉइड यांच्यासाठीच देतात. रेशन किंवा निवृत्तिवेतन यांसाठी पाड्यावरून डोंगर उतरून आलेल्या म्हातारीचे काम तत्त्वाखातर अडवणे हा अन्याय होईल. त्या एका यंत्रावर जे चालते तेच चालू द्यावे, आणि जोवर सरकार ठसायंत्रांच्या खरेदीत लिनक्सच्या चालकाची अट घालत नाही तोवर हा दोष सेवा केंद्राच्या चालकाच्या माथी मारू नये. भारत सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले होते. त्या धोरणाची धार अशा खरेदीच्या अटींतच दिसावयास हवी.

सरकारचा विषय निघाला म्हणून बॉसचाही विचार करणे प्राप्त आहे. सी-डॅकने तयार केलेली भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स ही डेबियनवर आधारलेली डिस्ट्रो २००७ पासून उपलब्ध असून तिची शाळांसाठीची एज्युबॉस ही वेगळी आवृत्तीही आहे. स्वदेशी असल्यामुळे मोलगीच्या शाळेने हीच घ्यावी, असे म्हणणाऱ्यांची भावना मी आदरणीय मानतो. पण निवड तरीही मूळ डेबियनची किंवा मिंटची करीन. कारण रात्री नऊ वाजता एखाद्या वसतिगृहाच्या अधीक्षकाने अडलेल्या गोष्टीचे उत्तर शोधू म्हटले, तर डेबियन व उबुंटू यांच्या घराण्यासाठी लिहिलेली उत्तरे असंख्य सापडतात, बॉससाठी मोजकी. डिस्ट्रोबरोबर आपण तिला वापरणारा समाजही घरी आणत असतो, आणि दूरच्या गावाला तो समाज मोठा असणे अधिक गरजेचे असते.

केरळने हे फार आधी ओळखले. तेथील शाळांसाठी २००१ साली आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, कालांतराने त्याची काइट ही संस्था झाली, आणि उबुंटूवर आधारलेली एकच प्रणाली राज्यभरच्या शाळांतून चालवली गेली. तेथे कोणी शिक्षकाला विचारले नाही की तुम्ही नवशिके की सरावलेले. सर्वांना एकच प्रणाली, तिचेच पाठ्यपुस्तक, तिचेच प्रशिक्षण. परिणाम असा की एका शाळेतून दुसरीत बदली झालेल्या शिक्षकाला नव्या शाळेत तीच प्रणाली भेटते, आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर प्रवास करते. महाराष्ट्राच्या पातळीवर असे होईल तेव्हा होवो. अक्कलकुवा व धडगाव या दोन तालुक्यांपुरते तरी शाळा व वसतिगृहे यांनी मिळून एकच डिस्ट्रो ठरवणे आजही अशक्य नाही. माझ्या मते ती डेबियन, हलक्या एक्सएफसीई पडद्यासह असावी. चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर ती सुखाने चालते, आणि यंत्राची फिरती हार्डडिस्क काढून एक लहान एसएसडी बसवली तर जुना संगणकही नव्याच्या उत्साहाने काम करतो. २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून वायफाय इत्यादींचे आवश्यक फर्मवेअर बसवण्याच्या प्रतीतच येत असल्यामुळे, पूर्वी डेबियनबाबत असलेली मुख्य अडचणही दूर झाली आहे. ३२ बिटांचे अगदी जुने यंत्र असेल तर मात्र ध्यानात ठेवावे की १३ व्या आवृत्तीत त्यासाठी बसवण्याची सोय नाही. मिंट ठरवले तरी माझा विरोध नाही; विरोध आहे तो एका शाळेत मिंट, दुसरीत फेडोरा व तिसरीत एखाद्या उत्साही पाहुण्याने टाकलेले आर्च, या स्थितीला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरोखरच गंभीर आहे. एकच साधी, स्थिर प्रणाली सर्वांवर घातली तर ज्या मुलाला आत डोकावायचे आहे, मोडून पाहायचे आहे, त्याच्या जिज्ञासेचे काय? पुण्या-मुंबईच्या मुलाने आर्च बसवत बसवत यंत्राची रचना शिकावी आणि मोलगीच्या मुलाने फक्त चिन्हे दाबावीत, अशी ही नवी विषमता तर नव्हे? हा आक्षेप मनाला लागतो, कारण दूरच्या मुलांना नेहमी 'वापरणारे' समजण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. परंतु त्याचे उत्तर डिस्ट्रो बदलण्यात नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत जे लहान एक्सओ लॅपटॉप मुलांना दिले गेले ते फेडोराच्या आधारावर चालत, आणि त्यांच्या टंकफलकावर एक कळ अशी होती की ती दाबताच समोर चाललेल्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर उघडावा. पाहणाऱ्याला आत शिरण्याचा हक्क आहे, ही कल्पना त्या यंत्राच्या रचनेतच होती. डेबियनमध्येही प्रत्येक कार्यक्रमाचा मूळ मजकूर मिळवता येतो, आज्ञांची खिडकी उघडता येते, आणि ६०,००० हून अधिक पॅकेजांच्या भांडारात संकलक, भाषा, गणिताची साधने सर्व काही असते. डेबियन ही नवशिक्याची प्रणाली नव्हे की तज्ज्ञाचीही नव्हे. ज्याला जितके खोल जायचे आहे तितके ती जाऊ देते. आणि ज्या मुलीला खरोखरच आर्च किंवा पायापासून स्वतः रचलेले लिनक्स हवे आहे तिच्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात एक यंत्र वेगळे राखून ठेवावे, ज्याच्या बिघडण्याने कोणाचेही काम अडणार नाही. मुभा त्या यंत्रावर पूर्ण असावी. शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यावरून भरले जातात त्या यंत्रावर मात्र मुळीच नसावी.

शिकण्याच्या साधनांचीही वाण नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सवरील छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत, ते उतरवून ठेवून इंटरनेटशिवाय दाखवता येतात. आणि किविक्स या सॉफ्टवेअरमुळे संपूर्ण मराठी विकिपीडिया एका पेनड्राइव्हवर वर्गात नेता येतो. जो शिक्षक किंवा अभियंता शहरातून मोलगीत येतो त्याने आपली आवडती डिस्ट्रो बरोबर न आणता हे पाठ बरोबर आणावेत, आणि पहिल्याच महिन्यात गावातच राहणार असलेल्या दोघा-तिघांना, मग ती वसतिगृहाची अधीक्षक असो, ग्रामपंचायतीतला संगणकचालक असो की दहावी नापास होऊन घरी बसलेला आणि हात चांगला असलेला एखादा मुलगा असो, स्वतःच्या हातांनी एकदा संपूर्ण प्रणाली पुसून पुन्हा बसवावयास लावावे. ज्याने एकदा पुसून बसवले त्याची भीती मोडते, आणि भीती मोडलेल्या माणसाला डिस्ट्रोचे नाव काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

जाणत्या माणसाकडे आणखी एकच काम उरते, आणि तेच बहुधा राहून जाते. शाळेच्या दप्तरात जशी जडवस्तूंची नोंदवही असते तशी संगणकखोलीची एक वही त्याने मराठीत लिहून ठेवावी: कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती, ती कोणत्या तारखेपर्यंत सांभाळली जाणार आहे, मुख्य पासवर्ड कोणाकडे मोहोरबंद आहे, पॅकेज जपणारा संगणक कोणता, घड्याळ मागे गेल्यास काय करावे, वीज मध्येच गेल्यास कोणती एक ओळ टंकावी, आणि बसवण्याची पेनड्राइव्ह कोणत्या कपाटात आहे. बदलीचा हुकूम हाती आला की आवराआवर करताना ही वही पुढच्याच्या हाती देऊन तिच्यातील प्रत्येक ओळ त्याच्याकडून एकदा करवून घ्यावी, आणि जी ओळ त्याला जमली नाही ती पुन्हा सोपी करून लिहावी.